घालायची की घालायचा

छापखान्यात सगळे त्यांना वेलांटीराव म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण छापखान्यातल्या भिंती पातळ होत्या आणि वेलांटीरावांचे कान तिखट. त्यांना राग येत नसे. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलेल्या माणसाला याहून चांगलं नाव कोण ठेवणार? उलट मनातल्या मनात त्यांना ते थोडं आवडायचंच. वेलांटी म्हणजे साधी गोष्ट नव्हे. काना काढला आणि डोक्यावर ती एवढीशी टोपी चढवली नाही, की 'ची'चा 'चा' होतो आणि बाईचा बाप्या होतो, असं ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. नवा माणूस मान हलवत असे आणि बाहेर जाऊन हसत असे.

अशा या वेलांटीरावांच्या टेबलापाशी गुरुवारी दुपारी त्यांच्या थोरल्या भावाची, दादाची सून येऊन उभी राहिली. वेलांटीराव एका शालेय भूगोलाची मुद्रितं तपासत होते. त्यांनी मान वर केली, चष्मा नाकावर खाली घेतला आणि हिला आपण कुठे पाहिलंय ते आठवू लागले. आठ वर्षांपूर्वी पाहिली होती. त्यानंतर थेट आज.

"काका, बाबांनी चिठ्ठी दिलीय," ती म्हणाली. "तुमच्याच हातात द्यायची म्हणाले."

"दादाने? मला?"

"हो. मी निघते, उशीर झालाय." ती दारापर्यंत गेली आणि वळली. "पण याल ना काका?"

कुठे, ते कळण्याआधीच वेलांटीराव "हो, हो" म्हणून बसले होते.

चिठ्ठी चौकोनी घडीची होती. आत पाठकोऱ्या कागदावर दादाचं ते जाडजूड अक्षर: 'रविवारी सकाळी तळ्यावर ये. गळ घालायची आहे.'

आता खरं म्हणजे या क्षणी माणसाच्या छातीत काहीतरी व्हायला हवं. आठ वर्षांनी सख्ख्या भावाचा शब्द आला होता. झालंही, पण त्याआधी हात चालला. कानावरची लाल पेन्सिल खाली आली, 'घालायची'मधली वेलांटी कापली गेली आणि समासात काना उभा राहिला. गळ म्हणजे मासे धरायचा आकडा. आकडा पुल्लिंगी. गळ घालायचा. दादाचं हे जन्माचं दुखणंच होतं. आयुष्यभर वेलांटी द्यायला विसरला आणि आज दिली ती नेमकी नको तिथे! वेलांटीरावांना हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. भूगोलाच्या मुद्रितावर एक थेंब पडला आणि एका नदीचं पात्र रुंद झालं.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट अशी. आई गेली, तेव्हा वर्तमानपत्रात द्यायचा मजकूर दादाने लिहिला. दादा थोरला. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. तळ्यावरच्या होड्या दुरुस्त करण्यात हयात गेली. तरी त्याने हट्टाने स्वतःच लिहिलं, कारण आई त्याच्याकडे होती. घर माणसांनी भरलेलं, आणि दादाने तो कागद धाकट्याच्या हातात दिला. वेलांटीरावांनी लाल पेन्सिल काढली. "दादा, 'आमचा आई' काय लिहिलंयस?" ते म्हणाले. चांगलं मोठ्याने म्हणाले. कोपऱ्यातून कुणाचं तरी हसू फुटलं. तशा घरात दाबून ठेवलेलं हसू एकदा फुटलं की आवरत नाही. आणखी दोघंतिघं हसले. दादाने कागद परत घेतला नाही. उठला, चपला घातल्या आणि बाहेर गेला. त्या दिवसापासून बोलणं बंद.

वेलांटीरावांना वाटे, आपलं काय चुकलं? चूक होती, ती दाखवली. उद्या सगळ्या गावाने वाचली असती. असं ते आठ वर्षं स्वतःला सांगत आले होते, आणि इतक्या वेळा सांगावं लागत होतं, यातच काय ते आलं.

घरी बायकोने चिठ्ठी ऐकली. वाचली नाही, ऐकली. भाजी निवडत होती म्हणून यांनीच वाचून दाखवली, सुधारलेली.

"मग जा की," ती म्हणाली. "बरं झालं. नुसते जा आणि बसा त्यांच्याजवळ."

"नुसता कसा जाऊ? तो गळ घालणार आणि मी काय डबा धरून बसू?"

हा डबा जुना होता. लहानपणी दादा तळ्यावर काठी धरून बसे आणि वेलांटीराव गांडुळांचा डबा धरून. 'मला दे ना एकदा' म्हटलं की दादा म्हणायचा, "तुझी काठी आणशील तेव्हा बस शेजारी." काठी काही आली नाही. पुस्तकं आली, मग छापखाना आला. आता साठीला टेकल्यावर दादा स्वतः बोलावत होता, तर यावेळी शेजारी बसायचं, डबा धरून नव्हे, हे त्यांनी ठरवून टाकलं. काठी चुकीची नेली तर दादा हसेल. हसला की आपल्या तोंडून काहीतरी निघेल. निघालं की पुन्हा आठ वर्षं. आणि आता दोघांच्या वयात आठ वर्षं कुठून आणायची?

म्हणून शनिवारी ते मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गेले.

दुकान अरुंद होतं. दोन्ही भिंतींना काठ्या उभ्या, छतापर्यंत. मधल्या बोळातून माणसाने एका अंगानेच जायचं. टोकाला काउंटरमागे एक पन्नाशीची बाई रिळावर दोरा गुंडाळत बसली होती. दुकान तिचंच होतं, हे ती ज्या बेफिकिरीने मान वर करत नव्हती त्यावरून कळत होतं.

"काठी हवी होती," वेलांटीराव म्हणाले. "ती पाण्यावर बूच तरंगतं ना, ते बुडलं की मासा लागला समजायचं, तसली."

"फ्लोट रॉड. कुठल्या माशासाठी?"

"तळ्यातल्या."

"तळ्यातल्या म्हणजे?" बाईने मान वर केली. "तळ्यात शंभर जातीचे असतात. बारीक चंदेरी? कार्प? मिशाळ? वाम?"

वेलांटीरावांना प्रश्नपत्रिका हातात पडल्यासारखं झालं. "साधारण मासा," ते म्हणाले.

"साधारण मासा मी अजून पाहिला नाही," बाई म्हणाली, पण उठली. तिने एक लांबलचक काठी काढली, तीन तुकडे एकात एक बसवले आणि यांच्या हातात दिली. काठीचं टोक थेट दुकानाच्या दारातून बाहेर गेलं आणि रस्त्यावरून जाणाऱ्या कुणीतरी "अहो!" म्हटलं.

"ही चंदेरी माशांची. हलकी, लांब. टोक बघा किती बारीक. बारीक मासा चटकन टोचतो आणि चटकन सोडतो, म्हणून टोक चपळ हवं. लांब का, तर दोरा पाण्यावर लोळत नाही, बूच जिथे ठेवलं तिथे राहतं."

"मग हीच द्या."

"कार्प लागला तर मोडेल."

"मग कार्पची द्या."

बाईने दुसरी काढली. ही जरा आखूड, जाड आणि वाकवली की मुठीपर्यंत सगळीच वाकणारी. "कार्प ओढतो. जोर सगळ्या काठीने घ्यायचा, एकट्या टोकाने नाही. पण हिने बारीक मासे धराल तर लागलेला कळायचाच नाही."

वेलांटीरावांनी खिशातून कागद काढून लिहून घ्यायला सुरुवात केली. 'चंदेरी – लांब, टोक चपळ. कार्प – सबंध वाकते.' लिहिता लिहिता त्यांनी स्वतःच्याच अक्षरातली एक रेघ सुधारली. हे लक्षण काही बरं नव्हतं.

एवढ्यात मागून एक गिऱ्हाईक आत आलं. बसचालक होता, अंगावर अजून कामाचा गणवेश होता. तो कुणी न विचारता बोलू लागला. "कसली लांब काठी घेता! तळ्याच्या काठाला झाडं आहेत. लांब काठी फांदीत अडकते. दहा फुटी घ्या."

"झाडं फक्त पलीकडच्या काठाला आहेत," बाई म्हणाली. "तुम्ही कुठल्या काठाला बसणार?"

"ते दादा ठरवेल."

"मिशाळासाठी घ्या," बसचालक म्हणाला. "मारायचा तर मोठा मारा. माझ्याकडे आहे ती काठी सोटा आहे सोटा!"

"मिशाळ तळाशी असतो, त्याला बुचाची काठी कशाला?"

"मी धरलाय बुचावर!"

"बूच तळाला नेऊन ठेवलं असेल."

दोघांची जुंपली. वेलांटीराव मध्ये उभे, डाव्या हातात एक काठी, उजव्या हातात दुसरी, वळायला जागा नाही. वळले असते तर टोपल्यातली बुचं खाली आली असती. वळले, आणि आली. लाल, पिवळी, हिरवी, लांबोडकी, गोलमटोल बुचं फरशीवर घरंगळली. तिघंही खाली बसून ती गोळा करू लागले. बाई एकेक उचलून सांगत होती, हे वाहत्या पाण्याचं, हे उभ्या पाण्याचं, हे वाऱ्यातलं, आणि वेलांटीराव प्रत्येकाला "बरं, बरं" म्हणत होते. खरं म्हणजे ते केव्हाच पुरते बुचकळ्यात पडले होते. शब्दांच्या जगात त्यांना कधी असं होत नसे. तिथे एक बरोबर असे आणि बाकी चूक. इथे सगळंच बरोबर होतं, आणि ज्याच्यासाठी बरोबर, तो मासाच माहीत नव्हता.

बसचालक आपल्या गळांची पुडी घेऊन गेला. बाईने तिसरी काठी काढली आणि जरा सबुरीने बोलू लागली.

"हे बघा, एक जात असते नाजूक ओठांची. दिसायला दांडगा मासा, अंगात ताकद. पण ओठ पातळ. ताठ काठी घेऊन झटका दिलात की गळ ओठ फाडून निसटतो. मासा गेला तो गेला. त्या जागी पुन्हा येत नाही. त्याला मऊ टोकाची काठी लागते. ओढायचं, पण झटका द्यायचा नाही."

वेलांटीरावांनी लिहायचं थांबवलं. त्यांना एकदम तो भरलेला दिवाणखाना आठवला, स्वतःचा तो मोठा आवाज आठवला, आणि दादाच्या तोंडावरचा उडालेला रंग. दादा दांडगा होता. होडी एकटा उचलून पालथी घालायचा. अशा माणसाला एवढं लागेल हे आपल्या डोक्यात आलंच नाही. आठ वर्षांत पहिल्यांदा त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि तीही कुठे, तर बुचांच्या दुकानात, हातात परक्या काठ्या घेऊन.

"मग?" बाई म्हणाली. "कुठला मासा?"

"मला माहीत नाही. दादाला माहीत असेल."

"मग त्यांना विचारा."

"आमचं बोलणं नाही."

"मग जाणार कुणाबरोबर?"

"त्याच्याबरोबरच."

बाईने हातातली काठी खाली ठेवली. मग तिने काउंटरखालून चौथी काठी काढली, मध्यम लांबीची, साधी, करड्या रंगाची.

"ही न्या. ही कुठल्याच एका माशाची नाही. सगळ्यांना थोडी थोडी चालते. आणि परवा परत आणलीत तरी चालेल."

रविवारी सकाळी वेलांटीराव तळ्यावर पोचले तेव्हा दादा काठावर एका पालथ्या होडीवर बसला होता. केस सगळे पांढरे झाले होते. मान तेवढी पूर्वीसारखीच ताठ. त्याच्या मांडीखाली कसलीशी वही दाबलेली होती. काठी मात्र कुठेच दिसत नव्हती. वेलांटीरावांनी होडीच्या मागेही डोकावून पाहिलं.

"आलास," दादा म्हणाला.

"आलो."

"बस."

वेलांटीराव बसले. काठी मांडीवर आडवी घेतली. ती दादाच्या गुडघ्याला लागली, म्हणून उभी धरली. उभी काठी छत्रीसारखी दिसायला लागली.

दादाने काठीकडे पाहिलं. "हे काय?"

"काठी."

"ते दिसतंय. कशाला?"

"कशाला म्हणजे? तूच लिहिलंस ना, गळ घालायचा आहे म्हणून!"

"मी असं कुठे लिहिलं?" दादा गोंधळला. "मी काठी आणलेली नाही. दोन वर्षं झाली, हात थरथरतो, काठी धरवत नाही."

आता वेलांटीरावांची पाळी. दादा काठी धरत नाही, तर बोलावलं कशाला? आपण दिवस चुकलो की तळं? त्यांनी घाईघाईने खिसे चाचपले. पहिला कागद निघाला तो माशांच्या टिपणांचा. दुसरा चिठ्ठीचा. "हे बघ, तुझंच अक्षर," असं म्हणत त्यांनी तो पुढे धरला आणि धरता धरताच त्यांना दिसलं की आपण काय दाखवतो आहोत.

दादाने कागद हातात घेतला. लाल पेन्सिलीने कापलेली वेलांटी. समासातला काना.

"इथेही?" तो म्हणाला. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं.

वेलांटीरावांनी काठी होडीला टेकवून ठेवली.

"तीन दिवस लागले मला हे लिहायला," दादा म्हणाला. "सुनेला विचारलं, घालायची की घालायचा? ती म्हणाली, बाबा, मासे धरायचे असले तर घालायचा. कुणाची विनवणी करायची असली तर घालायची. म्हटलं, मग घालायची. वेलांटी राहू नये म्हणून आधी तीनदा दुसऱ्या कागदावर काढून बघितली." तो पाण्याकडे बघत होता. "तुला गळ घालायची होती रे. मासे कसले धरतोय मी आता."

असं म्हणत त्याने मांडीखालची वही हळूच आणखी आत, होडीच्या निखळलेल्या फळीखाली सरकवली. चार बोटंच सरकवली असेल, पण वेलांटीरावांनी ते पाहिलं. ही वही एकदा आत गेली की पुन्हा बाहेर यायची नाही, एवढं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कुणी न सांगता कळलं.

त्यांनी दादाच्या हातातून चिठ्ठी घेतली. कानावर हात नेला. पेन्सिल तिथेच होती, रविवारीही असते.

"आता आणखी काय काढतोस?" दादा म्हणाला.

वेलांटीरावांनी कापलेल्या वेलांटीखाली टिंबं दिली, एक, दोन, तीन. समासातल्या कान्यावर काट मारली आणि शेजारी नीट अक्षरात लिहिलं: 'कायम'. मग कागद परत दिला.

"हे काय?"

"छापखान्यातली खूण आहे. तपासणाराच चुकला, लिहिणारा बरोबर होता, तर असं करतात. खाली टिंबं आणि बाजूला 'कायम'. म्हणजे मूळचंच ठेवा."

दादा त्या टिंबांकडे बघत राहिला. "खूप वेळा करावी लागते का ही खूण?"

"मी बत्तीस वर्षांत दोनदा केली असेल," वेलांटीराव म्हणाले. "जास्त करायला हवी होती. दादा, त्या दिवशी मी ते मोठ्याने वाचायला नको होतं. माझं चुकलं."

वारा आला, पाणी थोडं हललं. दादाने फळीखाली हात घातला आणि वही काढली. शाळकरी वही होती, कडा झिजलेल्या, फुगलेली.

"या तळ्यातले मासे आहेत," तो म्हणाला. "कुठला कुठे असतो, काय खातो, त्याला कसली काठी, किती मोठं बूच. नातीसाठी लिहिलंय. तिला वेड आहे माझ्यासारखं. पण तिला चुकीचं वाचायला द्यायचं नाही मला. दुसऱ्या कुणाला दाखवायची हिंमत नाही." त्याने वही पुढे केली, पण सोडली नाही. "ही गळ घालायची होती. तपासून दे. लाल पेन्सिल मार, हवी तेवढी मार. फक्त मोठ्याने वाचू नकोस."

वेलांटीरावांनी दोन्ही हातांनी वही घेतली. उघडली. पहिल्या पानावर मासा नव्हता, काठी नव्हती. पानाच्या मधोमध दोनच शब्द होते: 'आमची आई'. त्यातली वेलांटी इतक्यांदा गिरवली होती की पेनाचा वळ पुढच्या पानावर उमटला होता.

त्यांनी ते मनात वाचलं. पुन्हा वाचलं. पेन्सिल कानावर ठेवून दिली.

"बरोबर आहे ना?" दादाने विचारलं.

वेलांटीरावांनी मान डोलावली. पुन्हा एकदा डोलावली.

दादाचे खांदे सैल झाले. त्याने होडीला टेकवलेली करडी काठी घेतली, थरथरत्या बोटांनी टोक वाकवून पाहिलं, मूठ पाहिली आणि कितीतरी दिवसांनी हसावं तसा हसला.

"काय रे, ही कुठल्या माशासाठी घेतलीस?"

"खरं सांगू दादा," वेलांटीराव म्हणाले, "मला अजून कळलेलं नाही."

"सातव्या पानावर बघ," दादा म्हणाला, आणि शेजारी थोडा सरकून बसला.